मशीन कोणी बनवले, कोणी विकले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान ३ वर व्हिडिओ गेम पार्लरवरच्या छाप्याची बातमी वाचली. मशीन किती जप्त झाली, रोकड किती सापडली, खेळणारे कोण, त्यांची वये काय, राहतात कोणत्या गल्लीत, सगळे छापून आले आहे. ती मशीन तिथे आली कुठून, बनवली कोणी, विकली कोणी, बिघडल्यावर उघडायला कोण येत होता, यावर एक ओळ नाही. पोलिसांनी सांगितले नसेल तर तुमच्या वार्ताहराने विचारायला हवे होते. इतकी वर्षे अशा बातम्या वाचतो आहे, हा प्रश्न एकाही बातमीत दिसलेला नाही.

मी सांगलीत काटे दुरुस्त करतो. वडिलांच्या काळी लोखंडी तराजू आणि मापे होती, आता बहुतेक इलेक्ट्रॉनिक काटे. मार्केट यार्डातल्या हळदीच्या आणि बेदाण्याच्या अडत्यांचे, किराणा दुकानांचे, सराफांचे. या कामाला सरकारी परवाना लागतो. वैध मापनशास्त्र अधिनियम २००९, कलम २३. वजन किंवा माप बनवणारा, विकणारा आणि दुरुस्त करणारा, तिघांनाही राज्याच्या नियंत्रकाचा परवाना पाहिजे. नव्या नमुन्याचा काटा बाजारात आणायचा तर आधी त्या नमुन्याला केंद्राची मंजुरी. काट्यावर बनवणाऱ्याचे नाव, मॉडेल, अनुक्रमांक यांची पट्टी. मी सील तोडले तर त्याची नोंद वहीत, दुरुस्ती झाली की पुन्हा पडताळणी आणि शिक्का. इलेक्ट्रॉनिक काट्याचा शिक्का दर वर्षाला. शनिवारच्या बाजारात कोथिंबीर विकणाऱ्या बाईचा काटासुद्धा यातून सुटत नाही आणि सुटूही नये, कारण काट्यात फरक असेल तर गिऱ्हाईक रोज थोडे थोडे लुटले जाते आणि त्याला ते कळतही नाही.

मग ज्या यंत्रात माणूस आठवड्याची कमाई ओततो, त्या यंत्राला या राज्यात पट्टी नाही, शिक्का नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, हे कसे?

हे ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एक माणूस पिशवीतून एक बोर्ड घेऊन माझ्या दुकानात आला. डिस्प्ले गेलाय, बघता का म्हणाला. काट्याचा बोर्ड मी डोळे मिटून ओळखतो, हा काट्याचा नव्हता. त्यावर बारीक स्विचची एक ओळ होती, आमच्या भाषेत डिप स्विच. हे कशाला म्हणून विचारले, तर त्याने कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले, "त्यातनं ठरतं की मशीन किती पैसे सोडणार. एक खाली केला की कमी सुटतं, वर केला की जास्त. नवीन पार्लर असलं की पहिले थोडे दिवस जास्त सोडायचं, गिऱ्हाईक लागलं की खाली." बोर्डावर कंपनीचे नाव नाही, क्रमांक नाही, कुठे बनला ते नाही. मी त्याला बोर्डासकट बाहेर काढले. दुसरीकडे कुठेतरी त्याचे काम झालेच असणार, कारण ते काम करायला परवाना लागत नाही. मी काट्याच्या आत एक स्क्रू परवान्याशिवाय फिरवला तर गुन्हा होतो.

तुमच्या बातमीत शेवटी "पार्लरचे परवाने रद्द करण्याची नागरिकांची मागणी" असे लिहिले आहे. परवाना कशाचा असतो? जागेचा आणि चालवणाऱ्याचा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३३ खाली सार्वजनिक करमणुकीच्या जागांचे नियम होतात, त्यात दार, गर्दी, वेळ हे सगळे येते. त्या जागेत ठेवलेल्या पेटीच्या पोटात काय आहे, ते कोण बघतो? परवाना रद्द झाला की तीच मशीन टेम्पोत चढतात आणि दुसऱ्या गावी दुसऱ्या नावाच्या पार्लरमध्ये उतरतात.

जुगाराचा आपला कायदा १८८७ चा. कलम ४ अड्डा चालवणाऱ्याला, कलम ५ तिथे सापडलेल्या खेळणाऱ्याला. पेटी "जुगाराचे साधन" म्हणून जप्त होते. मग कोर्टात सांगितले जाते की हा तर कौशल्याचा खेळ आहे, आणि निव्वळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ ने सूट आहे. त्या पेटीत कौशल्य किती आणि स्विच किती हे सिद्ध करायला पेटी उघडणारा जाणकार लागतो. तो नसला की खटला लटकतो, मशीन सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळून ठेवायच्या लेखी हमीवर, मालकाकडे परत जातात. आणि हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बघितले आहे! एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य हा खटला व्हिडिओ गेमच्या परवान्यांचाच होता. मशीनमध्ये फेरफार करून खेळाचा निकाल मालकाला हवा तसा वळवता येतो, म्हणून सरकारला नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आहे, असे तिथे मान्य झाले. तेव्हापासून आपण काय केले?

जुगार हा विषय राज्यघटनेनेच राज्यांकडे दिला आहे, राज्यसूचीतली नोंद ३४. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही. उलट दिल्लीने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, त्यात खेळ पुरवणारा, त्याची जाहिरात करणारा आणि पैशांचा व्यवहार करून देणारा, सगळे पकडीत घेतले. मोबाइलवरच्या जुगारात कायदा पुरवठादारापर्यंत पोहोचला. बाजारपेठेतल्या गाळ्यात ठेवलेल्या मशीनच्या बाबतीत तो अजून खेळायला आलेल्या हमालाच्या बखोटीला धरून उभा आहे.

काही जण म्हणतील, बनवणाऱ्याला परवाना द्यायचा म्हणजे जुगाराला मान्यता द्यायची. हे मला आमच्या गल्लीतल्या एका वकिलांनी ऐकवले आहे. मला ते बिलकूल पटत नाही. अमेरिकेत १९५१ पासून जॉन्सन कायदा नावाचा केंद्रीय कायदा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जुगाराचे यंत्र नेणे हाच त्यात गुन्हा, ज्या राज्यात ते न्यायचे ते राज्य स्वतः परवानगी देत असेल तरच सूट. यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्याने दर वर्षी नोंदणी करायची, आणि प्रत्येक यंत्रावर बनवणाऱ्याचे नाव आणि अनुक्रमांक पक्का बसवायचा. यात जुगाराला प्रोत्साहन कुठे आले? पोलिसांनी पेटी पकडली की तिचा बाप कोण ते पेटीवरूनच कळावे, एवढीच ती व्यवस्था.

आणि जिथे जुगार कायदेशीर आहे त्या नेवाडा राज्यात तर बनवणाऱ्याला आणि वितरकाला स्वतंत्र परवाने लागतात. मशीनने लावलेल्या पैशातले किमान ७५ टक्के हिशेबाने परत दिलेच पाहिजेत असा नियम आहे, आणि राज्याची माणसे मशीन उघडून आतली चिप मंजूर चिपशी ताडून बघतात. १९८९ मध्ये तिथे अमेरिकन कॉइन नावाच्या कंपनीचे प्रकरण निघाले. तिच्या पोकर या पत्त्यांच्या खेळाच्या मशीनमधली चिप अशी लिहिली होती की सर्वांत मोठ्या बक्षिसाचा डाव लागूच नये. कंपनीचे परवाने गेले, दहा लाख डॉलर दंड झाला. तपासणी खात्यातल्याच रॉन हॅरिस नावाच्या माणसाने मशीनमध्ये गडबड केल्याचे पुढे उघड झाले, त्याला १९९५ मध्ये अटक झाली. म्हणजे तिथेही चोर आहेत, खात्यातसुद्धा आहेत. पण चिप कोणती मंजूर आहे याची नोंद असते, म्हणून चोरी सिद्ध करायला आधार मिळतो. आपल्याकडे त्या माणसाने आणलेल्या बोर्डाची तुलना मी कशाशी करणार होतो?

गोव्याचे नाव लगेच निघते म्हणून सांगतो. १९९२ च्या दुरुस्तीने तिथे पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनला परवानगी मिळाली, १९९६ मध्ये बोटींवरचे खेळ आले. तिथल्या कायद्यातले ते कलमही बोलते ते जागेबद्दल आणि शुल्काबद्दल. आपल्याकडे १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. कॅसिनो नको, हा निर्णय मला मान्य आहे. पण कॅसिनो नको म्हणणाऱ्या सरकारने गल्लीबोळातल्या पेट्या कोण पुरवतो याकडे डोळेझाक करावी, हे मान्य नाही.

आता मूळ दुखणे. आमच्या यार्डात एक हमाल आहे. पोती वाहून त्याच्या पाठीला घट्टे पडलेत. वाराईचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचे, पैसे हातात आले की तो बसस्थानकामागच्या पार्लरमध्ये जायचा. पैसे दिले की काउंटरवरचा पोरगा किल्ली फिरवून पॉइंट चढवायचा, संपले की पुन्हा पैसे. पावती नाही, हिशेब नाही. त्याची बायको माझ्या दुकानात येऊन रडली होती, "तुम्ही तरी सांगा त्यांना" म्हणून. मी सांगितले, तोलाईदारांनी सांगितले. तो म्हणायचा, मशीन आता सोडायला आलंय. स्विच खाली केलेले मशीन सोडायला येत नसते, हे मी त्याला बोर्डाचे चित्र काढून समजावले तेव्हा कुठे तो गप्प झाला. पण त्याआधीच एका छाप्यात तो सापडला होता. त्याचे नाव, वय आणि गल्ली एका दैनिकात छापून आली. पार्लरचा मालक त्याच बातमीत "एक व्यावसायिक" होता. त्या आठवड्यात हमालाच्या मुलीला बघायला येणारे पाहुणे आलेच नाहीत.

संपादक महोदय, कालच्या बातमीतही तुम्ही तेच केले आहे. खेळताना सापडलेल्या रोजंदारीच्या माणसांची नावे छापून कोणते जनहित साधते? त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही, आणि त्यांची पोरे शाळेत जातात. ही पद्धत आजपासून बंद करावी, ही माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे.

सरकारकडे मागणी एवढीच. पैसे किंवा पॉइंट घेऊन चालणारे कोणतेही मशीन या राज्यात बनवायचे, विकायचे, भाड्याने द्यायचे किंवा दुरुस्त करायचे तर नोंदणी सक्तीची करा. मशीनवर अनुक्रमांकाची पट्टी आणि बोर्डावर सील लावा. पट्टी नसलेले मशीन सापडले की ते सुपूर्दनाम्यावर परत न जाता तोडले जावे, आणि त्याचा पुरवठादार पहिला आरोपी व्हावा. वजनमाप खात्याकडे पडताळणीची पद्धत, माणसे आणि वह्या तयार आहेत, ती पद्धत उचलायला नव्याने काही शोधावे लागत नाही. सीलबंद यंत्र कसे तपासावे हे पोलिसांना दाखवायला माझ्यासारखे कितीतरी परवानाधारक दुरुस्तीवाले विनामोबदला येतील. मी तर उद्या येतो.

पुढच्या छाप्याची बातमी द्याल तेव्हा तुमच्या वार्ताहराला एक मशीन मागून उघडून बघायला सांगा, आणि आत जे दिसेल त्याचा फोटो छापा.

आपला,
एक परवानाधारक काटा दुरुस्ती कारागीर, सांगली
(गिऱ्हाइकांना त्रास होऊ नये म्हणून नाव छापू नये)