ओवा जाळू नका, नुसता तापवा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

थंडी पडली की पेपरात घरगुती उपायांचं पान येतं आणि त्यात सर्दीला ओव्याची धुरी घ्या अशी एक ओळ ठरलेली असते, पुढं काहीच नसतं. ओवा किती घ्यायचा, निखाऱ्यावर टाकायचा का तव्यावर, आच केवढी ठेवायची, हे कुणी लिहीतच नाही आणि सगळी गोम तर तिथंच आहे. आमच्याकडं वसमत, परभणी, नांदेड भागात अजूनही बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटवतात, निखाऱ्यावर मूठभर ओवा टाकतात, दार लावून घेतात आणि धूर उठला की लेकराला त्याच्यावर धरतात. धूर झाला म्हंजे औषध लागू पडलं अशी समजूत आहे. मला कळकळीनं सांगायचंय की गुण असला तर तो वाफेत आहे, धुरात नाही, धूर दिसायला लागला म्हंजे ओव्यातलं चांगलं ते जळायला लागलं.

ओव्याच्या दाण्यात साधारण 2 ते 4 टक्के उडून जाणारं तेल असतं. त्यातला मोठा वाटा थायमॉलचा, नाकात जो झणका येतो तो त्याचाच, बाकी पॅरा-सायमीन आणि गॅमा-टर्पिनीन असली हलकी द्रव्यं. हलकी 177 ते 183 अंशांच्या दरम्यान उकळतात आणि थायमॉल 232 ला, पण उकळेपर्यंत थांबायची गरजच नसते, दोरीवरचं धोतर जसं पाणी न उकळता वाळतं तसं हे तेलसुद्धा त्याच्या खूप आधीपासून उडायला लागतं. आता लाल निखारा 600 अंशांच्या वर असतो. त्याच्यावर दाणा पडला की तेल उडायच्या आधी टरफलच पेटतं, थोडं तेल सुटतं, बरंच जळतं, आणि खोलीत भरतो तो काजळीचा धूर आणि कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यानं माणसं दगावल्याच्या बातम्या तुमच्याच पेपरात दर हिवाळ्यात येतात की.

मग करायचं कसं तर जाड बुडाचा लोखंडी तवा घ्यायचा आणि अगदी बारीक आचेवर ठेवायचा. थर्मामीटर कुणाकडं नसतोय, त्यामुळं पाण्याचा थेंब टाकून बघायचा. थेंब नुसता चुरचुरून आटला तर तवा बरोबर आहे, पण थेंब मोत्यासारखा गोल होऊन तव्यावर पळायला लागला तर तवा 200 च्या आसपास गेलाय, गॅस बंद करा आणि थोडं निवू द्या. ओवा एक चमचा पुरे. टाकायच्या अगदी आधी खलबत्त्यात भरड कुटायचा, कारण तेल दाण्याच्या आतल्या नळ्यांमध्ये असतं, अख्खा दाणा ते सोडत नाही. आणि पीठ करायचं नाही, पिठाला लगेच डाग लागतो आणि त्याच्यातून हवा पण खेळत नाही. पातळ पसरायचा, हलवत राहायचं.

वास कसा बदलत जातो त्याच्याकडं नीट लक्ष दिलं तर दुसरं काही शिकायची गरज नाही. पहिल्यांदा येतो तो हलका, थोडासा लिंबाकडं झुकणारा वास, ती हलकी तेलं. मग हळूहळू तो ओळखीचा झणका वर येतो, घशाला गार आणि तिखट असं दोन्ही लागतं, हा खरा थायमॉल आणि हीच वेळ आहे वास घ्यायची. त्यानंतर भाजल्या धन्यासारखा खमंग वास येतो, तोपर्यंत बरंचसं तेल गेलेलं असतं. दाणा काळपट झाला, वास कडू झाला, डोळे चुरचुरायला लागले की संपलं, तो ओवा फेकून द्यायचा. बरेच जण तिथूनच सुरू करतात हे बघून खरंच वाईट वाटतं.

ओवा जुना असला तर कितीही कसब लावा, उपयोग नाही. तळहातावर चोळून बघा, लगेच झणका आला पाहिजे. काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून अंधारात ठेवा, किराणावाल्याच्या पातळ पन्नीत वास महिनाभरात उतरतो. तुळस, पुदिना, गवती चहा, निलगिरीची पानं वाळवायची तर सावलीतच, आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन 42-43 वर जातं, त्यात पान वाळतं खरं पण तेल पण उडून जातं. आणि पान कुरकुरीत वाळलेलं पाहिजे, दमट राहिलं तर बुरशी धरतं आणि आचेची निम्मी ताकद पाणी घालवण्यातच जाते.

पोरं मला म्हणतात हे तर ड्राय हर्ब व्हेपोरायझरसारखं झालं, म्हंजे वाळलेला पाला तापवून त्याची वाफ ओढायचं मशीन. तत्त्व तेच आहे, पान जळू न देता फक्त तापवायचं. जर्मनीच्या वोल्कॅनो नावाच्या मशीनसोबत वनस्पतीवार तापमान दिलेलं असतं, निलगिरीला 130, लव्हेंडरला 130, कॅमोमाईलला 190 आणि थाईमला 190, आणि थाईम या विलायती पाल्यात पण थायमॉलच असतंय, म्हंजे वासापुरता तो आपल्या ओव्याचा भाऊबंदच. पण तिकडं ही मशीनं जास्त करून गांजासाठी वापरतात, आपल्याकडं गांजा 1985 च्या एनडीपीएस म्हंजे अमली पदार्थांच्या कायद्यानं बंद आहे आणि 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेट, हीट-नॉट-बर्न (तंबाखू न जाळता तापवणारी) असली साधनं विकणं सुद्धा गुन्हा आहे, त्यामुळं ऑनलाईन असलं काही मागवायच्या नादी लागू नका. तवा आणि ओवा पुरेसा आहे.

आता लेकरांचं. तान्ह्या बाळाला कसलीच धुरी नको, धुरावर धरणं तर अजिबातच नको. कोमट ओव्याची पुरचुंडी बाळाच्या अंगाला न लावता थोडी लांब ठेवली तर वास पोचतो तेवढा बास. कापूर, पुदिन्याचा अर्क, निलगिरीचं तेल दोन वर्षाखालच्या लेकराच्या नाकाजवळ लावू नका, कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि निलगिरी-पुदिन्यानं बारक्या लेकराचा श्वास अडकू शकतो. उकळत्या पाण्याचं पातेलं पुढं घेऊन वाफारा घेताना पोरं भाजतात ते वेगळंच. दमा असलेल्यानं डॉक्टरला विचारूनच. आणि हे पण स्पष्ट सांगतो की या वाफेनं सर्दी बरी होत नाही, नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, झोप लागते, एवढंच. लेकरू दूध पीत नसेल, छाती आत ओढत असेल, धाप लागत असेल तर ओवा बाजूला ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. एक तुम्हाला, की घरगुती उपाय छापताना आच, मात्रा आणि कुणी करू नये हे तीन शब्द तरी सोबत छापत जा. दुसरी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाला, तिथं अन्नतंत्र महाविद्यालय आहे, तेल मोजायची साधनं त्यांच्याकडं असणारच, तर आपल्या भागातला ओवा, तुळस, गवती चहा किती आचेवर किती तेल सोडतो याचा एक सोपा तक्ता करून गावोगावच्या आशाताई आणि अंगणवाडीताईंपर्यंत पोचवावा, म्हंजे बाळंतिणीच्या खोलीत शेगडी पेटायच्या आधी त्यांना तो भिंतीवर लावता येईल.

आपला,
एक वाचक, वसमत, जि. हिंगोली