सुखाच्या सदरात दुष्टाची गैरहजेरी

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत प्राचीन तत्त्वज्ञांच्या सुखविषयक वचनांचे जे छोटेखानी सदर गेले काही महिने येत आहे, ते मी नेमाने वाचतो आणि जुन्या सवयीने कात्रणही काढून ठेवतो. एपिक्टेटस, सेनेका, मार्कस ऑरेलियस ही नावे सांगलीत कट्ट्यावरच्या बोलण्यात येऊ लागली आहेत, याचे थोडे श्रेय या सदराला द्यावेच लागेल. तरीही एक गोष्ट खटकते, म्हणून हे पत्र. या सदरात सुख आहे, पण दुष्टावा कुठेच नाही. ज्या ग्रंथांतून ही वचने उचलली जातात, त्यांत हे दोन विषय एकमेकांपासून सोडवता येत नाहीत. 'मी सुखी कसा होऊ' हा प्रश्न तिथे बहुतेक वेळा 'तो लबाड असूनही सुखी कसा' या प्रश्नाचे बोट धरूनच येतो. त्यातला दुसरा प्रश्न गाळून पहिल्याचे उत्तर छापले की, ते उत्तर बरेच गुळगुळीत होते आणि भलत्याच माणसाच्या उपयोगी पडते. ते कसे, हे मी स्वतः पाहिले आहे.

या विषयात माझा अधिकार काही नाही. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी ३१ वर्षे दिवाणजी होतो. निवृत्तीनंतर आम्ही सात-आठ जण दर शनिवारी संध्याकाळी विश्रामबागेत एकाच्या घरी जमून जुने ग्रंथ वाचतो. एक निवृत्त प्राध्यापक इंग्रजीतून वाचून मराठीत सांगतात आणि बाकीचे त्यांना वाक्यावाक्याला अडवतात. सुरुवात लोकमान्यांच्या गीतारहस्यातील 'सुखदुःखविवेक' या पाचव्या प्रकरणापासून झाली आणि तिथून प्लेटो, अ‍ॅरिस्टॉटल, एपिक्यूरस असे करत आम्ही बोएथियसपर्यंत येऊन पोहोचलो. (एपिक्यूरसवर आपल्याकडच्या चार्वाकासारखाच अन्याय झाला आहे. 'खा, प्या, मजा करा' हे वाक्य त्याच्या नावावर खपते; प्रत्यक्षात हा माणूस भाकरी-पाण्यावर राहणारा, आणि मित्राला लिहितो काय, तर चीजचे एक लहानसे मडके पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल!)

याच काळात, माझ्या निवृत्तीच्या पैशांतला मोठा हिस्सा ज्या पतसंस्थेत होता, ती बुडाली. संस्थेचे नाव लिहीत नाही. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी आपापल्या संस्थेचे नाव घालून वाचले तरी चालेल. ठेव पावती अजून माझ्याकडे आहे. प्लास्टिकच्या पाकिटात, जांभळ्या शाईच्या शिक्क्यासह, आणि मुदतपूर्तीच्या तारखेला तीन वर्षे उलटून गेली आहेत. ठेवीदारांनी फार आरडाओरडा केल्यावर एका मंगल कार्यालयात सभा झाली. दोन तास लोक बोलले, काही रडले. शेवटी संचालकांपैकी एक जण उठला आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, "पैसा काय, आज आहे, उद्या नाही. मनाची शांती मोठी. ज्या गोष्टी आपल्या हातात नाहीत, त्यांचा त्रास करून घेऊ नका."

शेवटचे वाक्य ऐकून मी चमकलो, कारण आदल्याच रविवारी ते मी कापून वहीत चिकटवले होते. काय आपल्या हातात आहे आणि काय नाही, हा भेद एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तिकेच्या अगदी पहिल्या ओळीत येतो. वाक्य तेच होते, शब्दही जवळजवळ तेच होते, फक्त बोलणारा बदलला होता. आणि पैसे आमच्या हातात नव्हते हे खरेच होते. ते त्याच्या हातात होते.

त्या रात्री घरी येऊन मी वही उघडली आणि प्रत्येक कात्रणाखाली, ते वचन लिहिणारा लिहिताना कुठे होता, याची नोंद करायला बसलो. एपिक्टेटस जन्माने गुलाम आणि पायाने अधू. बोएथियस इ. स. ५१० साली कॉन्सल (रोममधले सर्वोच्च मानाचे पद) झालेला, ५२२ साली त्याचे दोन्ही मुलगे एकाच वेळी कॉन्सल झालेले, इटलीचा राजा थिओडोरिकच्या दरबारात मोठ्या पदावर बसलेला माणूस. पुढे राजद्रोहाच्या आरोपावरून कैदेत पडला आणि तिथे, ५२४ च्या सुमारास देहदंड होण्यापूर्वी, त्याने 'तत्त्वज्ञानाचे सांत्वन' लिहिले. आपल्या लोकमान्यांनी गीतारहस्य लिहिले ते १९१०-११ च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात. ही माणसे सुखाचा उपदेश केवळ दुसऱ्याला करत नव्हती. ती आधी स्वतःची समजूत घालत होती, आणि तेही ज्याच्याकडून अन्याय झाला तो बाहेर मोकळा फिरत असताना. (मार्कस ऑरेलियस सिंहासनावर होता, हे मला मान्य आहे; पण त्यानेही जे लिहिले ते स्वतःलाच उद्देशून लिहिले.) 'हे माझ्या हातात नाही' असे गुलाम स्वतःला म्हणतो तेव्हा ते तत्त्वज्ञान असते. तेच मालक गुलामाला म्हणू लागला, तर त्याला तत्त्वज्ञान म्हणण्याची माझी तयारी नाही.

यानंतर आम्ही बोएथियस पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि तेव्हा लक्षात आले की त्याचे सांत्वनही सहजासहजी होत नाही. स्त्रीरूपाने आलेले तत्त्वज्ञान त्याला पैसा, पद, कीर्ती या सगळ्यांचा फोलपणा दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात समजावून सांगते. तो ऐकून घेतो आणि चौथ्या भागाच्या सुरुवातीलाच म्हणतो की, माझे सगळ्यात मोठे दुःख वेगळेच आहे. जगाचा नियंता चांगला असताना दुष्टपणा मुळात असतोच कसा, आणि त्याला शिक्षा का होत नाही? यावरचे उत्तर चमत्कारिक आहे. सुख सगळ्यांनाच हवे असते, दुष्टालाही. पण तिथे पोहोचण्याचे बळ त्याच्यात नसते, म्हणून तो मुळात दुबळा. एक जण पायांनी चालतो, दुसरा हातांवर चालू पाहतो. यांत बळकट कोण? आणि शिक्षेतून सुटलेला दुष्ट तर शिक्षा भोगणाऱ्यापेक्षाही अधिक अभागी.

हा शेवटचा मुद्दा प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादातून आलेला आहे. तिथे पोलस नावाचा तरुण मॅसिडोनियाच्या आर्केलाउसचे उदाहरण देतो. काका, चुलतभाऊ आणि सात वर्षांचा सावत्र भाऊ यांना मारून हा माणूस गादीवर बसला आहे. पोलस विचारतो, हा सुखी नाही असे तू म्हणणार? सॉक्रेटिस म्हणतो, माझी त्याची भेट नाही, तेव्हा मला ठाऊक नाही. पण तो अन्यायी असेल तर दुःखीच आहे, आणि शिक्षा चुकवत असेल तर अधिकच दुःखी. डाग देण्याच्या आणि शस्त्रक्रियेच्या भीतीने वैद्याला टाळणाऱ्या पोरासारखी त्याची गत आहे.

हे मी आमच्या संचालकावर ताडून पाहिले. तो सकाळी कृष्णेच्या घाटावर फिरायला येतो. वजन थोडे वाढले आहे, चेहऱ्यावर तजेला आहे, ओळखीचे लोक थांबून नमस्कार करतात. त्याच्या अंतःकरणात काही जळत असेल तर मला ते दिसलेले नाही, आणि असे काही दिसते अशी माझी समजूत करून घेणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. सॉक्रेटिसचा युक्तिवाद वाचताना पटतो आणि घाटावर पोहोचेपर्यंत सुटतो. पण त्यातला वैद्याचा दाखला मात्र माझ्याजवळ राहिला. सहकार कायद्याच्या कलम ८३ खाली चौकशी, मग ८८ खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करणे, मध्येच कुणीतरी आणलेली स्थगिती, या चकरा मी आधी सूड म्हणून मारत होतो आणि रात्री झोप येत नव्हती. आता त्याच चकरा मारतो, पण हे त्याच्यासाठीही आवश्यक औषध आहे, असे मनाशी म्हणतो. झोप थोडी बरी लागते. हे खरे तत्त्वज्ञान की पळवाट, याबद्दल आमच्या गटात एकमत नाही.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये 'जे खळांची व्यंकटी सांडो' असे मागितले. खळ नष्ट होवोत, असे ते म्हणाले नाहीत; त्यांचा वाकडेपणा गळून पडो, आणि 'तया सत्कर्मीं रती वाढो', असे म्हणाले. सभा-समारंभांच्या शेवटी आपण पसायदान डोळे मिटून म्हणतो आणि या ओळीचा अर्थ सोयीने 'झाले गेले विसरा' असा करून घेतो. मला तसा अर्थ तिथे दिसत नाही. आधी वाकडे काय झाले हे कुणीतरी मांडल्याशिवाय ती व्यंकटी सांडणार कशी?

दुष्टपणाला स्वतःचे अस्तित्वच नाही, तो केवळ चांगल्याचा अभाव आहे, हे मत प्लॉटिनस या जुन्या तत्त्वज्ञाचे, ख्रिस्ती संत ऑगस्टिनचे आणि पुढे बोएथियसचेही. प्रथम वाचले तेव्हा मला ते शब्दांचे खेळ वाटले होते. अभाव माणसाच्या तीस वर्षांची बचत कशी खाईल? मग हरिपूरची पेवे आठवली. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर असलेल्या या गावात हळद साठवायला जमिनीत खोल पेवे केलेली असत. २००५ च्या महापुरात त्यांतली बहुतेक निकामी झाली. माझ्या उमेदीच्या काळात पेव उघडले की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड काही तास मोकळे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर हमाल उतरणार. विझला तर थांबायचे. वरून पाहावे तर आत हळदीशिवाय काही नाही, साप नाही, विंचू नाही. नाही ती फक्त श्वास घेण्याजोगी हवा. आणि तेवढ्या 'नाही'ने धडधाकट माणूस जाऊ शकतो. पतसंस्थेच्या कागदपत्रांतही मला शेवटी राक्षसी असे काही सापडले नाही. जिथे तारण हवे तिथे तारण नव्हते, जिथे सही करण्यापूर्वी वाचायला हवे होते तिथे कुणी वाचले नव्हते, लेखापरीक्षणात जिथे प्रश्न हवा तिथे टिकमार्क होती. ऑगस्टिनचे म्हणणे मला तिथे कळले, आणि दिवाणजी म्हणून थोडी लाजही वाटली, कारण कंदील न सोडताच पैसे आत सोडणारा मीही होतो.

अ‍ॅरिस्टॉटलबद्दल दोनच वाक्ये लिहितो, कारण तो आपल्या सदरात जवळजवळ येतच नाही. चाकाला बांधून ज्याचे हाल चालले आहेत असा माणूसही केवळ सज्जन आहे म्हणून सुखी, असे म्हणणारे जाणूनबुजून किंवा नकळत निरर्थक बोलतात, असे तो स्वच्छ लिहितो. सुखाला थोडा पैसा, थोडे आरोग्य, चार माणसे लागतात, आणि ट्रॉयच्या प्रायमसारख्या राजाची म्हातारपणी झालेली वाताहत पाहून त्याला कुणी सुखी म्हणणार नाही. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे याच पतसंस्थेत अडकले आहेत आणि आमच्या बैठकीच्या घराचे पाच जिने त्या कठडा धरून एकेक पायरी चढतात. अ‍ॅरिस्टॉटलचे हे वाक्य प्राध्यापकांनी वाचले तेव्हा त्या म्हणाल्या, "हा माणूस हिशेबाचा दिसतो." त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

तेव्हा संपादक महोदय, सदर बंद करावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. विनंती दोन गोष्टींची आहे. प्रत्येक वचनाखाली, ते लिहिणारा त्या वेळी कोण होता आणि कुठे होता, एवढी एक ओळ छापावी. तिला फार जागा लागणार नाही. आणि सुखाच्या वचनांबरोबर, त्याच ग्रंथांतले दुष्टाच्या भरभराटीबद्दलचे प्रश्नही द्यावेत, उत्तर समाधानकारक नसले तरी द्यावेत. बोएथियसची चौथ्या भागातली तक्रार, पोलसचा आर्केलाउस, आणि महाभारताच्या वनपर्वात, दुर्योधन सुखात असताना आपण अरण्यात का, असे युधिष्ठिराला विचारणारी द्रौपदी, ही तर तयार सामग्री आहे.

वनपर्वातला तोच भाग आम्ही येत्या शनिवारपासून घेणार आहोत. युधिष्ठिराचे उत्तर मोठे आहे. फळासाठी धर्म करणारा तो धर्माचा वाणी, असे तो तिला सांगतो. प्राध्यापकांचा विचार त्या उत्तरापासून सुरुवात करण्याचा होता. बाईंनी तो मान्य केला नाही. द्रौपदीचे सगळे म्हणणे आधी अक्षर न गाळता वाचायचे, युधिष्ठिराने त्यानंतर बोलायचे, आणि तो बोलून झाल्यावर ती पुन्हा काय म्हणते तेही वाचायचे, असे ठरले आहे.

आपला,
एक वाचक,
सांगली