बाबांच्या फोनमधले आकडे

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

परवा बोलता बोलता मी फोन ठेवून दिला, त्याचा बाबांना राग आलाय असं आईने कळवलं. येणारच. पण तेव्हा नेमकं काय झालं ते फोनवर धड सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

बाबांनी लाइट बिल भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला होता. पैसे गेले का ते बघ, म्हणाले. मी बिल बघितलंच नाही. नजर गेली ती वर कोपऱ्यातल्या घड्याळावर. ७:४२. मराठी आकड्यांत. बाबांचा फोन मराठीत आहे हे काय मला ठाऊक नव्हतं? मीच करून दिलाय. पण दहा दिवस मी जे शोधत होते ते तिथे बसलं असेल, असं मनातही आलं नव्हतं.

आम्ही बनवतो त्या बिटकॉइनच्या वॉलेटमध्ये कुणाकडून पैसे मागायचे तर रक्कम टाकायची, अ‍ॅप क्यूआर कोड बनवतं, समोरचा स्कॅन करतो. भाजीवाल्याकडे असतो तसाच. एकाची तक्रार आली की माझा कोड कुणाचंच वॉलेट वाचत नाही. आमच्याकडे मात्र दर वेळी चालायचा. फोन कुठला, अँड्रॉइड कितवं, सगळं विचारून झालं. भाषा कोणती, हे एकालाही सुचलं नाही, कारण आम्हा सगळ्यांचे फोन इंग्रजीत. माझाही. (बोला आता.)

भानगड अशी. प्रोग्राममध्ये आम्ही फोनला सांगतो, ‘ही रक्कम लिही’. कोणत्या भाषेत ते सांगितलं नाही, तर फोन मालकाच्या भाषेत लिहितो. मराठी म्हटलं की देवनागरी आकडे. पडद्यावर ते छानच दिसतात. पण तेच क्यूआर कोडात शिरले की पलीकडचं यंत्र अडतं. त्याला तिथे इंग्रजी आकडेच लागतात. बाबा, तुमच्या बँकेत कुणी चेकवर रक्कम मोडीत लिहून आणली असती तर तुम्ही काय केलं असतंत? लिहिणाऱ्याचं चुकलं नसतं, तरी चेक परतच गेला असता.

दुरुस्ती म्हणाल तर एका ओळीत एक शब्द. पण तशा ओळी आणखी कुठे लपल्यात ते धुंडाळण्यात चार दिवस गेले. १७ सापडल्या. आता नवी आवृत्ती काढण्याआधी सगळं एकदा मराठी फोनवर चालवून बघणारी टेस्ट लिहिली आहे. तिचं नाव मी ‘बाबा’ ठेवलं होतं. बाकीच्यांनी बदलायला लावलं.

एवढी धावाधाव कशाला, उद्या बघ की, असं तुम्ही नेहमी म्हणता. तुम्हीच? कॅशमध्ये एक रुपया कमी आला तर शटर खाली ओढून रात्री नऊपर्यंत व्हाउचरं चाळायचात, आणि आई पोळ्या झाकून बसायची. तरी तुमच्याकडे चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी उलट नोंद करून फिरवता यायची. इथे बिटकॉइन भलत्या पत्त्यावर गेलं आणि व्यवहार पक्का झाला, की तो फिरवणारा मॅनेजरच नाही. म्हणून आत आम्ही दशांश ठेवतच नाही. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी, आणि सगळा हिशेब सातोशींच्या पूर्ण आकड्यांत. संगणकाला दशांशात ०.१ आणि ०.२ ची बेरीज करायला सांगितली तर उत्तर ०.३ च्या केसभर पुढे जातं. तुमच्या शाखेत याला एक दिवस टिकू दिलं नसतं.

कधी कधी तर आपलं काहीच चुकलेलं नसतं. वॉलेटमधल्या गुप्त किल्लीने प्रत्येक व्यवहारावर सही करताना कुणाला अंदाज येणार नाही असा नवा आकडा लागतो, आणि तो काढून देण्याचं काम फोनचं. ऑगस्ट २०१३ मध्ये उघड झालं की अँड्रॉइडचं हे यंत्रच सदोष आहे. एका किल्लीच्या दोन सह्यांत तोच आकडा आला, की गणित मांडून ती किल्लीच काढता येते. लोकांचे पैसे असे गेले. वॉलेटवाल्यांनी फोनवर भरवसा ठेवला होता, एवढंच. त्यांना नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या आणि लोकांना सांगावं लागलं की पैसे नव्या पत्त्यांवर हलवा. फोन काय देतो ते मी आता जरा संशयानेच बघते, ते यामुळे.

शेजारच्या काकांना सांगा, कुठलं कॉइन घ्यावं ते मला खरंच कळत नाही. मी कुलूपवाली. नफ्यावर ३० टक्के कर आहे, एवढं ठाऊक आहे. आणि त्यांच्या वॉलेटची किल्ली म्हणून मिळालेले ते १२ शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवायला सांगा. मागच्या महिन्यात त्या शब्दांचा फोटो काढून तुम्ही मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात! मी न वाचता पुसला, तुमच्याही फोनमधून काढून टाका. ज्याने ते शब्द वाचले, पैसे त्याचे.

फोनची भाषा मात्र बदलू नका. दिवाळीत येईन तेव्हा दोन दिवस मला तो लागणार आहे, लाइट बिल त्याआधीच भरा.

आई, बाबांच्या शुगरच्या रिपोर्टचा फोटो तू पाठव. ते तोंडी ‘सात’ म्हणाले. जन्मभर पैसा न् पैसा जुळवला, आणि स्वतःच्या शुगरचा दशांश बरा गाळतात. सात म्हणजे सातच, की सात पूर्णांक नऊ?

तुमची लेक