सुहासला पत्र : विश्रामबागवाड्यापासून ससूनपर्यंत

पुणे

प्रिय सुहास,

सहलीची तुझी यादी वाचली. आगाखान पॅलेस, कर्व्यांची हिंगण्याची झोपडी, भारत सेवक समाज, फुलेवाडा, ससून. आणि हे सगळं एका दिवसात, आठवी-नववीच्या पोरांना गाइडशिवाय चालत! अरे, आगाखान पॅलेस नगर रस्त्याला, हिंगणे पार दुसऱ्या टोकाला. तुमचा दिवस बसमध्येच जायचा. त्यापेक्षा एकच प्रश्न धर: या शहरात दार कुणाला बंद होतं आणि ते कुणी उघडलं? त्याचं उत्तर पेठांमध्येच चार-पाच किलोमीटरांत मिळतं.

सुरुवात विश्रामबागवाड्यासमोर कर, सकाळी साडेसातला. बाजीराव रस्त्यावर त्या वेळी दुकानं बंद असतात, थांबायला जागा मिळते. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने मुलींच्या शिक्षणासाठी जोतीराव फुल्यांचा जाहीर सत्कार केला तो या वाड्यात. पहिली शाळा मात्र १८४८ची, आणि ती पुढच्या थांब्यावर. म्हणजे वाट काळाच्या क्रमाने चालत नाही. हे मुलांच्या हाती द्यायच्या पत्रकात सगळ्यात वर लिही, नाहीतर मुलं तारखा उलटसुलट करतात.

दुसरा थांबा भिडेवाडा, दगडूशेठ गणपतीच्या अगदी समोर. तिथे जुना वाडा शोधू नका. राष्ट्रीय स्मारकासाठी तो डिसेंबर २०२३ मध्ये पाडला. जिथे पाहायला काही उरलेलं नाही तिथे पत्रकानेच बोलायला हवं, म्हणून वाड्याचा जुना फोटो छापून घे. मंगळवार आणि संकष्टी कटाक्षाने टाळ. दर्शनाच्या गर्दीत पोरं हरवतील.

मंडईत पाच मिनिटं पुरे. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा शिक्षणावर घाला, हा त्यांचा आग्रह. इमारत १८८६ मध्ये उघडली आणि आज तिला नाव त्यांचंच. पुणेरी खाक्या, दुसरं काय! या नावापायी एक घोळ नेहमी होतो: रस्ता विचारताना नुसतं ‘महात्मा फुले’ म्हटलं की लोक मंडईकडे बोट दाखवतात. ‘गंज पेठेतला फुलेवाडा, समताभूमी’ असं पूर्ण विचारायला सांग.

फुलेवाड्याला मात्र निदान पाऊण तास दे. बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३चं. फसवल्या गेलेल्या विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल हवं तर ठेवून जावं. हे नववीच्या मुलांना सांगताना आडपडदा ठेवू नकोस, नाहीतर ते गृह कशासाठी होतं हेच कळणार नाही. मग हौद. घरचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. पाण्याला हात लावू देणं ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट होती, ते मुलांना त्या हौदाच्या काठावरच विचार, बसमध्ये नको. सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी प्लेगने गेल्या, रोग्यांची शुश्रूषा करताना लागण होऊन. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी विचारून घे. ३ जानेवारी, ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबरला तिथे पाय ठेवायला जागा नसते.

पुढे नाना पेठेत अस्पृश्यांसाठी झटलेल्या विठ्ठल रामजी शिंद्यांचा अहिल्याश्रम, बाहेरूनच पाहा. मग रास्ता पेठेतून ससून रुग्णालय. डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून १८६७ मध्ये ते उभं राहिलं. रुग्णालय चालू आहे, त्यामुळे रस्त्यावरूनच घड्याळाचा मनोरा दाखव. आत फोटो अजिबात नको, तिथे लोक दुखणी घेऊन आलेले असतात. स्टेशन तिथून जवळच, परतीच्या गाडीला सोयीचं.

पत्रक एका कागदावर, दोन्ही बाजूंनी, ठळक अक्षरात. प्रत्येक थांब्याला तीनच ओळी: कुठे उभं राहायचं, काय बघायचं, एक प्रश्न. मोबाइलच्या नकाशावर भिस्त नको. अरुंद बोळांत निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. वळणाला देऊळ, शाळा, चौक अशा खुणा दे. दुकानांच्या पाट्या बदलतात, त्या नकोत. पाच-पाच जणांचे गट करून दहा मिनिटांच्या अंतराने सोड, म्हणजे एका थांब्यावर सगळे गोळा होणार नाहीत. शेवटचा गट निघायला उशीर होतो, तो वेळ धरूनच गाडीचं तिकीट काढ. आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस हवंच. शिवाजी रस्ता ओलांडणं हे मुलांवर सोडू नकोस.

पत्रकाचा कच्चा खर्डा पाठव. वळणं आणि खुणा तपासून देतो.

तुझा,
मिलिंद