माहितीपत्रकातल्या दुसऱ्या ओळीबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत असल्यामुळे तुम्हाला ते स्वतः वाचता येणार नाही. माझा मुलगा ते तुम्हाला इंग्रजीतून सांगणार आहे आणि सांगताना काही वाक्ये गाळणार, हे मी धरूनच चालले आहे. तरीही ते मराठीतच आणि सर्वांना वाचता येईल असे लिहिते आहे, कारण मुलगा किंवा मुलगी अमेरिकेच्या सैन्यात आहे अशी मराठी घरे माझ्या ओळखीत आणखीही आहेत, आणि माझे माहेर ज्या सातारा जिल्ह्यात आहे तेथे पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसे पाठवणाऱ्या घरांना तर तोटाच नाही. तुम्ही आमच्यासाठी नेमके काय केलेत, हे त्या घरांतल्या आयांना कळावे असे मला वाटते.

तुमचे नाव मी प्रथम वाचले ते माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी खात्याच्या रुग्णालयात, म्हणजे येथे सगळे ज्याला नुसते ‘व्हीए’ म्हणतात तेथे, बाहेर बसायच्या खोलीतल्या फळ्यावर. तेथल्या मानसशास्त्रज्ञांची माहिती देणारा एक कागद त्यावर टाचलेला होता आणि प्रत्येक नावाखाली दोन ओळी होत्या: उपचारांतील विशेष रस आणि संशोधनातील विशेष रस. आपल्याकडे लग्नाच्या बायोडेटात ‘आवड: वाचन, प्रवास’ असे लिहितात, त्यातलाच हा प्रकार वाटून मला मनातल्या मनात हसू आले होते, हे आज कबूल करते. मुलगा आत गेला की तासभर मला काही काम नसे, त्यामुळे तो कागद मला जवळजवळ पाठ झाला. कोणाला झोप आणि दुःस्वप्ने या विषयात रस होता, कोणाला स्फोटाच्या हादऱ्याने मेंदूला झालेल्या इजेत, कोणाला जुनाट दुखण्यात, कोणाला व्यसनमुक्तीत. कोणी सैन्यात असताना लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीपुरुषांवर उपचार करत होते, तर कोणी अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध सैनिकांबरोबर त्यांची सेवा करून थकलेल्या बायकांचाही विचार करत होते. तुमच्या नावाखालच्या पहिल्या ओळीत आघातोत्तर तणाव, म्हणजे पीटीएसडी, होता आणि दुसऱ्या ओळीत ‘उपचार अर्ध्यावर सोडणारे रुग्ण’ असे होते. ती दुसरी ओळ वाचून मला चक्क राग आला होता. जो समोर येऊन बसला आहे त्याच्याकडे बघायचे सोडून जो उठून गेला त्याचा अभ्यास कशाला करायचा, असे मला वाटले.

आज आभार मानते आहे ते मुख्यतः त्या दुसऱ्या ओळीचे.

मुलगा नऊ वर्षांचा असताना आम्ही न्यू जर्सीत आलो, विसाव्या वर्षी तो सैन्यात भरती झाला आणि २०१० मध्ये कंदाहार प्रांतात गेला. तेथे काय घडले ते मी लिहिणार नाही. ती हकीकत त्याची आहे. मला दिसले ते तो परत आल्यानंतरचे. रस्त्याच्या कडेला कचऱ्याची काळी पिशवी पडलेली दिसली की तो गाडी झटक्यात पलीकडच्या लेनमध्ये घाली, कारण तिकडे रस्त्याकडेच्या कचऱ्यात, मेलेल्या जनावरांतसुद्धा, स्फोटके लपवलेली असत. घरात कुकरची शिट्टी झाली की ताडकन उठून भिंतीला पाठ लावून उभा राही. मग मी कुकर कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला आणि पुढची सात वर्षे वरणाची डाळ उघड्या पातेल्यात शिजवली. मी त्याला जपते आहे, अशी माझी समजूत होती.

अशी जपणूक मी माहेरीच पाहिलेली होती. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि १९७१ च्या डिसेंबरात ते बांगलादेश युद्धातल्या जमालपूरच्या लढाईत होते. पुढे कितीतरी वर्षे ते रात्री-अपरात्री उठून ओट्यावर जाऊन बसत आणि आई आम्हाला सांगे, ‘त्यांना उकडतंय, झोपा तुम्ही.’ त्यांना पौषातही उकडत असे. पीटीएसडी हे निदान अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत पुस्तिकेत आले तेच मुळी १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या डॉक्टरांनी ते लावून धरल्यावर. त्याआधीच्या माणसांना उकडत होते एवढेच म्हणायची सोय होती.

तुम्ही मुलाला जी उपचारपद्धती सुचवलीत, तिच्यात साधारण बारा बैठका असतात. झालेली घटना पुन्हा पुन्हा सांगायला लावण्यापेक्षा, ती का घडली याबद्दल माणसाने मनाशी जो निवाडा करून ठेवला आहे तो कागदावर उतरवायचा आणि त्यातले अडकून बसलेले विचार एकेक करून तपासायचे, असे तिचे स्वरूप तुम्ही समजावून सांगितलेत. ही पद्धत सैनिकांसाठी जन्मलीच नव्हती, हे तुमच्याकडूनच कळले. पॅट्रिशिया रेसिक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ती बलात्कार सोसलेल्या स्त्रियांवर उपचार करताना घडवली आणि नंतर व्हीएमधल्या संशोधकांनी ती सैनिकांवर पारखून पाहिली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत साठ माजी सैनिक होते आणि त्यांतले बहुतेक व्हिएतनामचे होते. ज्या स्त्रियांच्या दुःखातून ही विद्या उभी राहिली त्यांची नावे कोणाला कधी कळणार नाहीत. माझ्या आभारांत त्यांचाही वाटा आहे.

पाचव्या बैठकीला मुलगा गेलाच नाही. दुपारी मी विचारले तेव्हा त्याने ‘बरं वाटतंय आता’ असे सांगितले, जे उघड खोटे होते. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. तुम्ही रागावला नाहीत, आग्रहही केला नाहीत. लोक साधारण कोणत्या कारणांनी येणे सोडतात ती कारणे तुम्ही एकेक करून त्याच्यापुढे ठेवलीत आणि आपले कोणते ते त्यालाच ओळखायला सांगितलेत: काही उपयोग होत नाही असे वाटते का, कामावरून वेळ मिळत नाही का, की लिहायला बसल्यापासून त्रास वाढला आहे? त्याचे कारण तिसरे होते. सुरुवातीला काही जणांचा त्रास वाढतो आणि म्हणून त्यांना पुढे गुण येणार नाही असे मुळीच नसते, हे तुम्ही त्याला अभ्यासाच्या आधाराने सांगितलेत. पुढे कधीतरी तुम्ही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीविषयी बोललात. व्हीएच्या सतरा केंद्रांतल्या ९१६ माजी सैनिकांवर या क्षेत्रातले दोन प्रमुख उपचार करून पाहिले तेव्हा गुण दोन्हींनी आला, पण निम्म्याच्या आसपास लोक मध्येच उठून गेले होते. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही, मोजण्यासारखी आहे, असे तुमचे म्हणणे होते. त्या फोननंतरच्या आठवड्यात तो परत आला, कारण निघून जाणारा आपण काही पहिले नाही आणि त्याबद्दल कोणी आपल्याला भित्रा म्हणत नाही, हे त्याला पटले. मात्र ‘मग मलाही तुमच्या अभ्यासात घ्या’ असे तो म्हणाला तेव्हा तुम्ही नकार दिलात. ज्याच्यावर मी उपचार करते त्याला माझ्याच संशोधनात ओढणार नाही, कारण मग त्याला ‘नाही’ म्हणणे अवघड जाते, असे तुमचे उत्तर होते. एवढी रेघ स्वतःहून आखणारी माणसे मी थोडी पाहिली आहेत.

एक प्रसंग मुलाने मला बऱ्याच महिन्यांनी सांगितला. पहिला कागद त्याने इंग्रजीत लिहिला होता, पण मधला एक शब्द देवनागरीत होता: ‘पाप’. इंग्रजीत त्याला तो शब्द सापडला नव्हता, आणि मराठी लिहिणे त्याने चौथीतच सोडले होते. तुम्ही त्याचा अर्थ त्यालाच विचारलात आणि मग पाऊण तास त्या एका शब्दावर घालवलात. चूक आणि पाप यांत फरक काय, पापाला हेतू लागतो की नाही, ते पाप आहे हे ठरवले कोणी, असे प्रश्न तुम्ही विचारलेत, ज्यांची उत्तरे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही देता आली नसती. भीतीची जखम निराळी आणि आपल्या हातून अधर्म घडला असे वाटण्याची जखम निराळी, हेही तुम्ही सांगितलेत. बॉस्टनच्या व्हीएमध्ये व्हिएतनामच्या सैनिकांवर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ जॉनथन शे यांनी या दुसऱ्या जखमेची चर्चा सुरू केली आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेट लिट्झ यांनी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये तिची शास्त्रीय मांडणी केली. तिला नैतिक जखम म्हणतात. शेवटच्या बैठकीत त्याने तोच कागद नव्याने लिहिला आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचले. दुसऱ्या कागदावरही तो शब्द आहे, पण आता त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. दर आठवड्याला भरायची ती त्रासाबद्दलच्या वीस प्रश्नांची यादी असते, जिचे गुण ८० पर्यंत जातात आणि गुण जितके जास्त तितका त्रास जास्त, तिच्यात तो ५८ वरून २४ वर आला होता. मला मात्र त्या आकड्यांपेक्षा ते प्रश्नचिन्ह मोठे वाटते.

आणि माझ्याबद्दल. त्याच्या संमतीने तुम्ही मला एकदा आत बोलावलेत आणि घरात त्याच्यासाठी काय काय बदलले आहे ते विचारलेत. कुकरची गोष्ट मी थोड्या अभिमानानेच सांगितली. तुम्ही ती लिहून घेतलीत आणि फार हळुवारपणे म्हणालात की, घरचे लोक मायेपोटी वाट मोकळी करत जातात आणि त्याबरोबर माणसाचे जगही आक्रसत जाते. मला वाईट वाटले, आईची आठवण आली, आणि महिनाभर मी काहीच केले नाही. मग एका रविवारी त्यानेच कपाटातून कुकर काढला, नवी रिंग मागवून बसवली आणि शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभा राहिला. पहिल्या शिट्टीला त्याचे खांदे वर गेले. तिसरीला त्याने गॅस बंद केला, कारण मी तीनच सांगितल्या होत्या.

दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, व्हीएने विद्यापीठांच्या साहाय्याने मानसशास्त्रज्ञ तयार करायला घेतले आणि १९४९ मध्ये कोलोरॅडोतल्या बोल्डर येथील परिषदेत असे ठरले की, चिकित्सा करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला संशोधनाचेही शिक्षण मिळाले पाहिजे. तुमच्या नावाखाली दोन ओळी का असतात, याचे उत्तर मला तेथे सापडले. माझ्या रागाबद्दल क्षमा असावी.

दिवाळीत डबा आणला तेव्हा तुम्ही तो सरकारी नियमाकडे बोट दाखवून परत केला होतात. तो नियम मी आता नीट वाचला आहे. एका वेळी वीस डॉलरपर्यंतची भेट तुम्हाला चालते आणि वर्षाला एकाच व्यक्तीकडून पन्नासपर्यंत. संक्रांतीचे तिळाचे लाडू या पत्राबरोबर मुलाच्या हाती पाठवत आहे. तीळ, गूळ, दाणे आणि डबा धरून अकरा डॉलर चाळीस सेंट झाले. पावती डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

तुमची कृतज्ञ,
एका माजी सैनिकाची मुलगी आणि दुसऱ्याची आई