फार्मसीतल्या बायेला

बाये,

तुझं नाव ठाऊक नाही. गेल्या पावसात फोंड्याच्या बाजारात तुझ्याकडे सर्दीची गोळी मागायला आलेला म्हातारा तो मी. तू पाकीट काढलंस, त्यावर हात ठेवून हळूच विचारलंस, "काका, लघवी सुटायला वेळ लागतो?"

मला रागच आला. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती!

खरं तर तोवर पणजीला जाताना मी बाणस्तारीला कदंब बसमधून उतरायचो, आडोसा गाठायचो आणि मागच्या बसने पुढे जायचो. घरी सांगायचो, बस चुकली. रात्री चारदा उठणं वयाच्या खात्यात टाकलं होतं.

आदल्या वर्षी अशीच गोळी घेतली आणि रात्री लघवी पार तुंबली. पोट घुमट वाद्याच्या कातड्यासारखं ताणलेलं. पहाटे इस्पितळात नळी घातली तेव्हा सुटका झाली. तिथे गोळीबद्दल कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. तो धागा तू जोडलास. चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू आवळतं, आणि प्रोस्टेट वाढलेल्याची वाट आधीच अरुंद असते. गोळी न देता तू वाफ घ्यायला सांगितलंस आणि डॉक्टरकडे पिटाळलंस.

अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्रमार्गाभोवती कड्यासारखी असते, वयाबरोबर वाढते. सोनोग्राफीत माझी ५२ ग्रॅमची निघाली, आणि लघवी करून आल्यावरही पिशवीत १४० मिली शिल्लक! मग सारखं जावं लागेल नाही तर काय? धास्ती कॅन्सरची होती. पीएसए ही रक्ताची तपासणी झाली, डॉक्टरांनी बोटाने तपासलं, तसलं काही नव्हतं. ही वाढ वेगळी, कॅन्सर वेगळा, हे तेव्हा कळलं.

रात्री टॅमसुलोसिन ही ते स्नायू सैल करणारी गोळी सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात अंथरुणातून ताडकन उठलो आणि कपाट धरावं लागलं; तिने रक्तदाब उतरतो. आता आधी खाटेच्या काठावर बसतो, मग उठतो. ग्रंथी आकसवणाऱ्या दुसऱ्या गोळीला सहा महिने लागतील म्हणाले, तेवढे लागले. संध्याकाळचा दुसरा चहा सोडला, त्याचं मात्र दुःख आहे.

यंदा चवथीला घुमट मांडीवर घेतलं ते शेवटच्या आरतीपर्यंत खाली ठेवलं नाही. बायको दोनदा दाराकडे बघत होती.

नेवऱ्यांचा डबा घेऊन येतोय. मागे गिऱ्हाइकं असली तरी.