उलटे टांगलेले हँगर

ठाणे,
रविवार, दुपार

ती. आई आणि बाबा,
सा. न.

फोनवर आपण रोज बोलतो, पण माझ्या कपड्यांच्या खरेदीचं बोलायला घेतलं की मी विषय बदलते. म्हणून लिहिते आहे.

आई, संक्रांतीला तू आली होतीस तेव्हा माझं कपाट उघडलंस आणि खालचा अख्खा ढीग तुझ्या पायावर आला. तू काही बोलली नाहीस. जमिनीवर बसून एकेक घडी घालत राहिलीस. त्यातला मोहरी रंगाचा कुर्ता उलटा केलास, बाजूची शिवण चिमटीत धरलीस आणि म्हणालीस, "अगं, याला माया कुठे सोडलीय? उद्या अंग भरलं तर उसवून सैल करायला जागाच नाही." लेबल तसंच लटकत होतं. मी खेकसले, "माझे पैसे आहेत, मी बघेन." तू घडी पुरी केलीस आणि चहा टाकायला उठलीस. तेव्हापासून ते मला टोचतंय. चुकलं माझं, आई.

तू गेल्यावर मी वर्षभराचा हिशेब काढला. कपड्यांवर ५८,४०० रुपये. बाबा, हा आकडा तुमच्यापासून लपवावा असं फार वाटलं. पैशांपेक्षा मला वेळा बघून धक्का बसला. जवळजवळ सगळी खरेदी रात्री साडेदहा ते बाराच्या मधली. ऐरोलीहून गाडी पकडून ठाण्याला उतरते, मग घोडबंदर रोडच्या बसची रांग, घरी येऊन कुकर, आणि सगळं आवरून आडवी झाले की हातात फोन. दिवसभर दुसऱ्यांनी सांगितलेलं करायचं. त्या तासाभरात निदान काहीतरी माझ्या मर्जीने निवडतेय असं वाटायचं. पार्सल दारात येईपर्यंत हौस फिटलेली असायची, आणि परत करायची मुदत कधी उलटली ते कळायचंही नाही.

सेलच्या दिवसांत तर विचारूच नका. छापील किंमत कंपनीनेच ठरवलेली, आणि सूटही त्याच आकड्यावर. १,८९९ चा कुर्ता ५६९ ला मिळाला की मी १,३३० वाचवले असं धरून चालायची. तो मोहरी कुर्ता असाच आलेला.

मग गुढीपाडव्याला मी कपाटातले सगळे हँगर उलट्या बाजूने टांगले. जो कपडा घालीन त्याचा हँगर सुलटा करायचा, एवढंच. आषाढी एकादशीला पाहिलं. ४३ कुर्त्यांपैकी १४ सुलटे. आणि त्या चौदांत दोन आई, तू शिवलेले, कॉलेजच्या वेळचे. काखेत एकदा उसवून सैल केलेले.

बाकीचे का राहिले हेही मग नीट पाहिलं. बहुतेक पॉलिस्टरचे. सुती कापड आपल्या वजनाच्या आठेक टक्के ओलावा सहज धरून ठेवतं, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. ठाण्यातल्या मे महिन्यात, लोकलच्या गर्दीत, तो घाम जाणार कुठे? फोटोत हे दिसत नाही. काहींवर घालायला सलवारच नव्हती, आणि एका कुर्त्यासाठी नवी सलवार, तिच्यासाठी नवी ओढणी अशी साखळी लागायची.

पण सगळंच सुती हवं असंही नाही. इथल्या पावसात जाड सुती कुर्ता तीन तीन दिवस वाळत नाही, कुबट वास येतो. म्हणून दोन मिश्र कापडाचे, गडद रंगाचे ठेवलेत, ते पंख्याखाली रात्रीत वाळतात. आठ सुती कुर्ते, काळी, पांढरी आणि निळी सलवार, ऑफिसच्या एसीसाठी एक स्वेटर, आणि तुझी इरकल धरून तीन साड्या. आठ अशासाठी की पावसात निम्मे दोरीवरच असतात.

बाबा, तुम्ही धोम धरणाच्या कालव्यावर आयुष्य काढलंत, म्हणून हे तुम्हाला सांगते. एका सुती टी-शर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं असा अंदाज आहे. एका माणसाला अडीच वर्षं प्यायला पुरेल एवढं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचावं म्हणून तुम्ही रात्री सायकलवर जायचात, ते आठवलं.

आता काही आवडलं तर फ्रिजवरच्या कागदावर लिहिते. काय, केवढ्याचं, कशावर घालणार, पहिल्यांदा कधी घालणार. तीन रात्री जाऊ देते. एप्रिलपासून १७ गोष्टी लिहिल्या, घेतल्या तीन. एकदा मात्र ऑफिसात वाईट दिवस गेला आणि तीन रात्री थांबले नाही. तेही कागदावर लिहून ठेवलंय.

नवे कोरे कपडे मावशींना आणि ऑफिसातल्या मुलींना आवडीने निवडू दिले. विरलेले सुती तुझ्यासाठी बाजूला काढलेत, गोधडीला होतील. बोहारीण आमच्या सोसायटीत येत नाही, वॉचमन आत सोडत नाही. नौपाड्यात गल्लीतला एक शिंपी सापडला. चार कुर्ते त्याने बेतशीर करून दिले. तो मोहरी कुर्ता त्याने हातात घेतला आणि तू म्हणालीस तेच म्हणाला.

दोन विनंत्या. आई, यंदा दिवाळीला मला साडी घेऊ नकोस. तुझ्या ट्रंकेत देण्याघेण्याच्या किती साड्या पडून आहेत, ना तू नेसतेस ना मी. त्याऐवजी तू आलीस की काजं करायला शिकव. माझी काजं अजून फाटतात.

आणि बाबा, तुमचा तो राखाडी स्वेटर कोपरावर पार विरलाय. "अजून चांगला आहे" म्हणू नका. काटकसर मी तुमच्याकडूनच शिकतेय, पण वाईच्या थंडीत पहाटे फिरायला जाताना तुम्हाला ऊब हवी. हा मी रात्री फोनवरून घेणार नाही. रविवारी दिवसाउजेडी गोखले रोडला जाऊन, लोकर हाताने पाहून घेईन. आईकडून छातीचं आणि बाहीचं माप घेऊन कळवा. बाही मनगटापर्यंत मोजायला सांगा, मागच्या वेळी आखूड झाली होती.

तुमची,
ताई